आधी डीपी बघा

मे महिन्यातली दुपार, दिग्रसजवळची एक गिट्टी खदान. वीस टनी पोकलेन तीन दिवसांपासून कामाविना उभी होती. चालू व्हायची, पण आरपीएम उठायचा नाही. बकेट दगडात घातली की इंजिन मान टाकायचं. पडद्यावर तीन कोड होते: ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर, फ्युएल प्रेशर. तिन्हींच्या शेवटी एकच आकडा, ४. मिस्त्री तरुण, हात चांगला, पण चेहरा उतरलेला. ‘‘सर, ऑइल प्रेशरचा सेन्सर दोनदा टाकला, नागपूरहून मागवून. तरी कोड जाऊन नाही राहिला.’’

मी विचारलं, ‘‘गल्लीतल्या तीन घरांचे दिवे एकदम गेले, तर तू तीन बल्ब विकत आणतोस का?’’

‘‘नाही जी. पहिले डीपी पाहू.’’

‘‘मग इथली डीपी कुठाय?’’

पोरगा क्षणभर गप्प राहिला आणि मग स्वतःच मीटर आणायला गेला. सेन्सरचा सॉकेट काढून पुरवठ्याच्या पिनवर मीटर लावला. तिथे पाच व्होल्ट हवेत, दिसले ०.३. उरलेल्या दोन्ही सेन्सरांचे सॉकेटही काढले, तरी आकडा जागचा हलला नाही. म्हणजे तिन्ही सेन्सर निर्दोष. पाणी वाटेतच मुरत होतं. मग हार्नेस हाताने थोडा थोडा हलवत गेलो. टर्बोजवळच्या ब्रॅकेटपाशी आलो आणि मीटरने एकदम ५.० दाखवले. मागे कधीतरी टर्बो उतरवला होता, तेव्हा हार्नेसची एक क्लिप परत बसवायची राहिली. कंप खाऊन खाऊन वायरचं कवच झिजलं होतं आणि आतलं तांबं ब्रॅकेटला टेकलं होतं. वायर जोडली, स्लीव्ह घातली, क्लिप लावली. मशीन संध्याकाळी कामाला लागली. क्लिपची किंमत चहाच्या दोन कपांएवढी. तिच्यापायी दोन सेन्सर आणि तीन दिवसांचं भाडं गेलं.

हा प्रसंग कुणाला नावं ठेवण्यासाठी सांगितलेला नाही. आपल्या धंद्यात हे रोज घडतं, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. पडद्यावर ‘ऑइल प्रेशर सेन्सर’ असं आलं की आपण सेन्सर बदलतो, कारण कोडमध्ये त्याचं नाव असतं. पण कोड म्हणजे फिर्याद आहे. निकाल मीटरने द्यायचा असतो.

ही फिर्याद नीट वाचायला हवी. आज बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत कोडचे दोन तुकडे असतात: एसपीएन आणि एफएमआय. कंपनी आपला वेगळा कोड दाखवत असली, तरी पुस्तकात त्याच्या शेजारी ही जोडी बहुधा सापडते. एसपीएन म्हणजे पत्ता. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १५७ रेल प्रेशर. एफएमआय म्हणजे तक्रार. ३ असेल तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ असेल तर प्रमाणाबाहेर कमी. आपले लोक पत्ता वाचतात आणि तक्रार सोडून देतात. निम्मं निदान तर त्या दुसऱ्या आकड्यातच असतं.

तीन वायरींचा प्रेशर सेन्सर घ्या. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला पाच व्होल्ट पुरवतं, एक वायर परतीची, आणि तिसऱ्या वायरवरून सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टांच्या दरम्यान उत्तर देतो. उत्तर या हद्दीच्या पार खाली किंवा वर गेलं की ईसीएम समजतं, हे दाब सांगणं नव्हे, सर्किट बिघडलंय. पाच व्होल्टांचा हा पुरवठा पुष्कळदा दोन-तीन सेन्सरांत मिळून एकच असतो. म्हणूनच एकाच वेळी अनेक सेन्सरांवर ४ दिसला की आधी डीपी बघा. सॉकेट एकेक करून काढा. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले, तर तो सेन्सर किंवा त्याच्यात शिरलेलं पाणी दोषी. सगळे काढूनही आले नाहीत, तर हार्नेस. आणि हार्नेसही निर्दोष ठरला, तरच ईसीएमचं नाव घ्यायचं.

तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरचं गणित उलटं आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. ‘व्होल्टेज जास्त’ वाचलं की वाटतं, कुठून तरी जादा करंट आला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वायर तुटलेली असते. ईसीएम आतल्या एका रेझिस्टरमधून पाच व्होल्ट सोडतं आणि सेन्सर ते खाली ओढतो. इंजिन जितकं गरम, तितका सेन्सरचा रोध कमी आणि तितकं व्होल्टेज कमी. वायर तुटली की खाली ओढणारा कुणी उरत नाही, व्होल्टेज पाचलाच थांबतं. ईसीएमच्या हिशेबी ही कडाक्याची थंडी. दिग्रसच्या उन्हात कूलंट उणे ४० अंश दिसलं, तर हसण्याआधी वायर बघा.

याच समजुतीवर सगळ्यात स्वस्त तपासणी उभी आहे. ३ चा कोड असेल तर सॉकेट काढा आणि हार्नेसकडच्या दोन पिना जंपरने जोडा. कोड ३ वरून ४ वर उलटला, तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर बदला. उलटला नाही, तर नवा सेन्सर डब्यातून काढूच नका. ४ चा कोड असेल तर नुसता सॉकेट काढून तो ३ वर जातो का ते बघायचं. मात्र जंपर फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला. तीन वायरींच्या सेन्सरवर आकृती न बघता असा प्रयोग केला, तर पुरवठाच जमिनीला टेकवून बसाल.

आता धोक्याची गोष्ट. एसपीएन १०० ला एफएमआय ४ म्हणजे ऑइल प्रेशरचं सर्किट बिघडलंय. एसपीएन १०० लाच एफएमआय १ म्हणजे सेन्सर खरं बोलतोय आणि दाब खरोखर पडलाय. पहिल्यात मीटर काढायचा, दुसऱ्यात इंजिन तत्काळ बंद करायचं. ‘सेन्सरच खराब असेल’ म्हणत दुसऱ्या कोडवर मशीन चालवली की क्रँकपर्यंत खर्च जातो. शंका आली तर हाताचा दाबमापक लावून खात्री करा. तसंच ११० ला ० आला, तर इंजिन खरंच तापलंय. वायर शोधत बसू नका. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापसाचा तंतू आणि सोयाबीनचा भुसा आधी काढा.

कोड न येताही सर्किट खोटं बोलू शकतं, हेही ध्यानात असू द्या. रेल प्रेशर सेन्सर अर्ध्या ते साडेचार व्होल्टांत १८०० बार सांगतो असं धरलं, तर एका व्होल्टाला ४५० बार होतात. परतीच्या पिनवर हिरवा गंज चढून दशांश व्होल्टाचा फरक पडला की ४५ बारची चूक झाली. आकडा हद्दीत असल्याने कोड येत नाही, पण इंजिन आजारल्यासारखं चालतं.

आपल्या भागात हार्नेसला शत्रू कमी नाहीत. वायरी कुरतडणारे उंदीर आहेत, काळ्या मातीचा चिखल आहे, आणि तो धुण्यासाठी सॉकेटवर मारलेला प्रेशरचा पाण्याचा फवारा आहे. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएम न सोडणं ही जुनी खोड आहे. त्यात भर आपल्या हातांची: बल्बचा टेस्टर सेन्सरच्या सर्किटला लावणं, वायरीत सुई खुपसणं, मीटरची जाड पिन सॉकेटमध्ये दाबून आतलं टर्मिनल सैल करणं. बल्बचा टेस्टर ईसीएमकडे येणाऱ्या बॅटरीच्या वायरींवर जरूर लावा. तिथे तो मीटरपेक्षाही खरं सांगतो, कारण एका तारेवर लटकलेली वायर मीटरला पुरे चोवीस व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते. पाच व्होल्टांच्या सर्किटवर मात्र फक्त डिजिटल मीटर.

हे आजच का लिहायचं? चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून बीएस ४ आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ ची उत्सर्जन मानकं लागू झाली. नव्या इंजिनांत धुराड्याच्या बाजूलाही सेन्सरांची रांग आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग दिग्रसवरून जाणार आहे. भराव, पूल, गिट्टी या कामांवर येणाऱ्या नव्या मशिनी याच पडद्यांच्या असतील. कंपनीचा लॅपटॉपवाला इंजिनियर येईपर्यंत मशीन तुमच्याच भरवशावर असेल.

पण दोष फक्त मिस्त्रीच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. पार्ट बदलला की मालक पैसे मोजतो, कारण हातात वस्तू येते. दीड तास शोधून क्लिप लावली, तर तो विचारतो, ‘‘बदललं तर काहीच नाही, मग पैसे कायचे?’’ या प्रश्नाला आपण उत्तर ठेवलेलं नाही, म्हणून आपण सेन्सर विकतो. डॉक्टरकडे गोळी न देताही तपासणीची फी असते; आपल्या बिलावर तो रकाना नाही.

तो रकाना आपणच पाडायचा आहे. पुढच्या कामापासून बिलावर पार्टांच्या वर एक ओळ लिहा: तपासणी, इतके तास. तिच्याखाली कोड, कोणत्या पिनवर किती व्होल्ट मिळाले आणि दुरुस्तीनंतर किती झाले. त्या पोराने त्या दिवशी पहिल्यांदा तसं बिल केलं. खदानीच्या मालकाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि ‘०.३’ वर बोट ठेवून विचारलं, ‘‘हे काय आहे?’’

पोराने त्याला डीपीची गोष्ट सांगितली. मालकाने पैसे दिले, आणि जाताजाता दुसऱ्या मशीनच्याही क्लिपा बघून घ्यायला सांगितल्या.