नेत्रतपासणी आणि मेडिक्लेम

मेडिक्लेमचा हप्ता नियमित भरूनही डोळे तपासण्याचे पैसे खिशातून का द्यावेत, असे अनेक बांधव विचारतात. उत्तर पॉलिसीच्या अटींतच आहे. ती मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी असते. नेत्रतपासणी व चष्मा हा ओपीडीचा खर्च, आणि त्याचे स्वतंत्र संरक्षण घेतले नसेल तर तो सहसा मिळत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मिळते, परंतु बहुतेक पॉलिसींत तिला प्रतीक्षाकाल व रकमेची मर्यादा असते. (७.५ पेक्षा कमी नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया तर वगळलेलीच असते.)

म्हणून तपासणीच टाळणे हा मात्र तोट्याचा व्यवहार होय. काचबिंदू आरंभी बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना प्रतिबंधात्मक आरोग्यतपासणीसाठी, विमाहप्त्यासह असलेल्या एकूण मर्यादेतच, ५,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. हप्ता रोखीने भरल्यास वजावट नाही; तपासणीचे पैसे रोखीने दिले तरी चालतात. पावती तपासणी झालेल्या व्यक्तीच्या नावाने घ्यावी, आणि कृपया ती पेढीच्या खर्चात टाकू नये.