धमकी देणारा मोकळा, घोषणा देणारा आत!



मी पिंप्राळ्याचा, तुमच्यासारखाच साच्यावर उभा राहणारा. शाळा चौथीपर्यंत. कायद्याची कलमं युनियनच्या वकिलाकडून वाचून घेतली, समजली तशी तुमच्यापुढे मांडतो.

मागच्या थंडीत रात्रपाळी सुटल्यावर ठेकेदाराच्या एका माणसाने आमच्या जोडीदाराला गेटवर अडवलं. म्हणाला, "युनियनची वर्गणी गोळा केलीस तर तंगडं तोडून रुळावर टाकीन." जोडीदार चौकीत गेला. तिथे चार ओळी लिहून घेतल्या, एन.सी.चा कागद हातात दिला आणि सांगितलं, "आता कोर्टात जा." दुसऱ्या दिवशी तोच गडी गेटवर बिडी ओढत हसत उभा! त्या महिन्यात वर्गणी द्यायला किती हात पुढे आले असतील? तुम्हीच ओळखा.

यात एकट्या हवालदाराचा दोष नाही भाऊ, कायदाच तसा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम ३५१ धमकीचं. जीवे मारण्याची किंवा हातपाय मोडण्याची धमकी दिली तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पण केंद्राच्या यादीत हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र! म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून पोलीस तपास करणार नाहीत, आणि धरलाच तर जामीन हा त्याचा हक्क.

आता दुसरी बाजू बघा. आपण मोर्चा काढला, रेटारेटी झाली, सरकारी माणसाला धक्का लागला, की कलम १३२. शिक्षा २ वर्षांपर्यंत, पण दखलपात्र आणि अजामीनपात्र! ७ वर्षांच्या गुन्ह्याला जामीन हक्काचा, आणि २ वर्षांच्या गुन्ह्याला जामीन साहेबाच्या मर्जीचा. हा कुठला न्याय?

म्हणून आपलेच काही भाऊ गेटसभेत ओरडतात, "धमकीचा गुन्हाही बिनजामिनाचा करा!" मीही ओरडलो होतो. आज सांगतो, ही मागणी आपल्याच गळ्याला फास आहे.

विचार करा. धमकी म्हणजे तोंडचा शब्द. तो कसा आला हे ठरणार साक्षीवर, आणि साक्षीदार विकत कोण घेऊ शकतो? संपाच्या आदल्या रात्री मॅनेजर लिहून देईल, "सेक्रेटरीने मला बघून घेईन म्हटलं." झालं! सेक्रेटरी आत, महिनाभर तारखा, संप लाठीवाचून मोडला. ज्याच्याकडे पैसा आहे तो आठ दिवसांत वरच्या कोर्टातून सुटेल. आपल्याला मात्र जामीनदार शोधता शोधता हाताचं काम जाईल.

इतिहास विसरू नका. १९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला, तो वर्षभरापुरता म्हणून. टिकला १९६९ च्या अखेरपर्यंत! २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर मोर्चावर गोळ्या झाडल्या. १९५६ च्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राचे पुढारी रातोरात उचलले. १०६ हुतात्म्यांच्या रक्तातून १ मे १९६० ला हे राज्य उभं राहिलं. आणि त्याच राज्याच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यातले गुन्हेही अजामीनपात्र! कुलूप चोरासाठी म्हणून घडवतात, आणि लावतात आपल्याच दाराला.

मग धमकी मुकाट सोसायची? मुळीच नाही! आपल्या मागण्या अशा:

एक. जीवे मारण्याची, हातपाय तोडण्याची धमकी दखलपात्र करा. पोलिसांनी फिर्याद लिहिलीच पाहिजे, तपास केलाच पाहिजे.

दोन. जामिनाचा हक्क राहू द्या, पण अट कायद्यात लिहा. फिर्यादीच्या घराकडे, गेटकडे फिरकायचं नाही. फिरकला तर जामीन रद्द!

तीन. जामीनपात्र गुन्ह्यात गरिबाला आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर त्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्येच लिहिलं आहे. ते कागदावर सडू देऊ नका. प्रत्येक कामगाराने हा आकडा पाठ करावा.

चार. फिर्याद, जामिनाचा हुकूम, अटी, सारं मराठीत हवं. सीमाभागातल्या आपल्या भावांनाही मायबोलीत हवं. ज्या कागदावर अंगठा घ्यायचा तो वाचता येत नसेल, तर तो कसला न्याय?

भाषेचं राज्य मागितलं ते पाटीवर मराठी अक्षरं रंगवायला नव्हे. चौकीच्या पायरीवर गरिबाचा शब्द मालकाच्या शब्दाइतका वजनदार ठरावा, म्हणून मागितलं.

धमकीची फिर्याद घ्या, जामिनाचा हक्क राखा!
बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

— पिंप्राळ्याचा एक गिरणी कामगार