पान कोरडे, पण कशामुळे?

पानावर चिकटवायचा ग्राफीनचा संवेदक आता केवळ कल्पना राहिलेला नाही. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा पट्ट्या मक्याच्या पानांवर लावून, मुळांशी दिलेले पाणी खालच्या व वरच्या पानांपर्यंत किती वेळात पोहोचते हे मोजले. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. तो टेपवर बसतो, पानासोबत वाकतो आणि पानातून निघणाऱ्या बाष्पानुसार त्याची विद्युतवाहकता बदलते.

धानाचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. तपकिरी तुडतुडे बुंध्यातील रस शोषतात, तेव्हा बांधीत पाणी साचलेले असूनही धान वाळते. बाष्प मोजणारी पट्टी ‘पान कोरडे’ एवढेच सांगेल. त्यावर विसंबून शेतकऱ्याने पाणी वाढविले, तर तुडतुड्यांचेच फावेल. शिफारस नेमकी उलट, बांधीतील पाणी काढून टाकण्याची आहे.

नवा रायपुरात आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आहे, तर रायपुर जिल्ह्यातच बरोंडा येथे कीड-रोगांवर काम करणारी राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था. इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आणि कीटकशास्त्रज्ञ एकाच बांधावर उभे करण्यास याहून सोयीचे ठिकाण कोणते? धानाचे पान मेणचट, पाणी झटकणारे. श्रावणझडीत पट्टी किती दिवस टिकते, हे प्रयोगशाळेत कळणार नाही. मॅक्झीनसारखे नवे द्विमितीय पदार्थ तर दमट हवेत ऑक्सिडीकरणाने खराब होतात. अशा चाचण्या होईपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांनी चूड वाकवून बुंध्यावरील तुडतुडे मोजणे थांबवू नये.