काम मिळते, टिकत नाही

नवी मुंबईत बेकारी उरलेलीच नाही, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. आधार दोन. पहिला सरकारी आकड्याचा : देशातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. दुसरा ऐकीव : कामे पडून आहेत, पण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उठवून भाडी खाणाऱ्या गावच्या पोरांना ती नकोत.

आकडा खोटा नाही. त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे. एक तर तो देशाचा दर आहे. शिवाय या मोजणीत वर्षभरात तीस दिवस काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. मजूर नाक्यावर उभे राहून आठवड्यात दोनदाच काम मिळणारा बिगारी आणि ठेकेदार बदलला की हजेरीपटावरून उडणारा उरणच्या कंटेनर यार्डातला पोरगा, हे दोघेही तिथे कमावते ठरतात. जिने काम शोधणेच सोडले, ती तर बेरोजगारांतही मोजली जात नाही.

आणि इथे सोडावे लागले ते मुख्यतः बायकांना. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. त्याआधी या पट्ट्यात भातशेती होती, मिठागरे होती, खाडी होती. लावणीला बाई, मिठाची टोपली वाहायला बाई, निवट्या-कोलंबी बाजारात विकायलाही बाईच. ती पैसा स्वतःच्या हाताने घेत असे. मोबदला मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला. साडेबारा टक्केही कुणी दान दिलेले नाहीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे पुढे ती योजना आली. खाडीवर जगणाऱ्यांच्या हक्काची दखल घ्यायला तर २०१५ उजाडावे लागले : राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई ठरवली, म्हणजे घरटी सहा लाखांच्या आत. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा गेला त्याची ही किंमत, आणि वर आळशीपणाचा शिक्का! मला हा आरोप संतापजनक वाटतो.

पोरांनी नोकऱ्या नाकारल्या, असे नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांतली कायम नोकरी त्यांच्या बापांनी पाळी-पाळीने केली. तो पट्टा आक्रसला, त्याच रस्त्यावर ऐरोली-घणसोलीत आयटी पार्क उभे राहिले आणि त्यांच्या फाटकावरचे व सफाईचे काम एजन्सीकडे गेले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, पण तिथेही चित्र वेगळे नसेल. सामान चढवणे-उतरवणे, ट्रॉली, सफाई ही कामे कोणत्याही विमानतळावर बहुधा ठेकेदारामार्फतच होतात. नुसत्या जागा मोजून बेकारी हटल्याचे सांगणे म्हणूनच फसवे आहे.

उपाय याच शहरात, वाशीच्या बाजार समितीत रोज राबतो आहे. माथाडी कुणा एका व्यापाऱ्याचा कायम नोकर नसतो. तरी १९६९ च्या कायद्याने त्याची मजुरी माथाडी मंडळात जमा होते, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळतो. मालक बदलला तरी हक्क बदलत नाहीत. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये असाच कायदा झाला. मग विमानतळावरचा लोडर, आयटी पार्कमधली सफाई कामगार यांनाच ही व्यवस्था का नाही? बोगस माथाडी टोळ्या खंडणी मागतात, हा उद्योजकांचा आक्षेप मी झटकणार नाही. पण त्यावर इलाज बोगस नावे खोडण्याचा आणि खंडणीखोरांना तुरुंगात घालण्याचा आहे. त्यासाठी खऱ्या कामगाराचे संरक्षण काढून घेणे हा अन्याय होईल.

राज्य सरकारने विमानतळ आणि बंदर परिसरातील कंत्राटी कामांसाठी असे मंडळ काढावे. नोंदणीची सुरुवात विमानतळासाठी उठलेल्या उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली या गावांपासून करावी, आणि बायकांची नोंद कुटुंबप्रमुखामागे न ठेवता त्यांच्या स्वतःच्या नावाने व स्वतःच्या बँक खात्यासह घ्यावी.