दुर्गाबाईंचं कॅलेंडर

नाहूरकरांच्या वर्षात सीझन दोनच. अप्रायझलच्या आधीचा आणि अप्रायझलच्या नंतरचा! मधे कधीतरी ट्रॅकवर पाणी भरतं, तेव्हा कळतं की पावसाळा आला. बाकी कॅलेंडर बघायचं ते लाँग वीकेंड शोधण्यापुरतं.

अशा मंडळींसाठी एक पुस्तक. दुर्गा भागवत यांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत दर महिन्यावर एक लेख. स्टोरी नाही, हीरो नाही. झाडं, फुलं, ढग, पाखरं यांच्याकडे नुसतं बघायचं. पण काय बघितलंय बाईंनी!

दुर्गाबाई (१९१०-२००२) लोकसाहित्याच्या अभ्यासक. तरुणपणी आदिवासी भागात काम करताना विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढची काही वर्षं आजारपणात गेली. करिअर ठप्प. तरी वाचणं, बघणं थांबलं नाही. पुढे 'व्यासपर्व' आलं आणि 'पैस'ला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

फुलापानांवर लिहिणारी बाई म्हणजे एकदम सॉफ्ट, असं वाटतंय ना? मग १९७५ मध्ये चला. देशात आणीबाणी. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. भलेभले गप्प होते. बाईंनी त्याच व्यासपीठावरून आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. १९७६ मध्ये एशियाटिकच्या लायब्ररीतून त्यांना अटक झाली. रवानगी थेट तुरुंगात.

मला वाटतं, पान बघणारी आणि सत्तेला सुनावणारी बाई एकच आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, दिसलं ते बोलायचं. दोन्हीकडे सवय तीच.

आपल्याकडे बघायला कमी नाही हं. नाहूरच्या पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर, पूर्वेला ऐरोलीच्या वाटेवर खाडी आणि थंडीत फ्लेमिंगो. एखाद्या शनिवारी सीएसएमटीला उतरून हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जा. एशियाटिकच्या त्या पायऱ्यांवर पाच मिनिटं टेका, बॅगेत 'ऋतुचक्र' असू द्या. चालू महिन्याचा लेख वाचायला एका लोकलचा प्रवास पुरतो.

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत असतील, तुम्हाला मात्र काहीतरी चुकतंय असं दिसत असेल, तर? दुर्गाबाईंची आठवण काढा आणि हात वर करा!