रोस्ट चिवट का झाला?

गेल्या बकरी ईदला हिश्श्यात आलेल्या गोश्तातून रानाचा सव्वा किलोचा एक सलग तुकडा मी बाजूला काढला. अम्मीने बोट्या करायला सुरी उचललीच होती. म्हटलं, "राहू दे, याचा रोस्ट करतो. एअर फ्रायरमध्ये." ती म्हणाली, "कर. मी कुकर धुऊन ठेवते."

इंग्रजी व्हिडिओत दाखवलं तसंच केलं. मीठ, मिरी, लसूण, वरून तेल, १९० अंशांवर ५० मिनिटं. बाहेरून सुंदर तपकिरी रंग आला. आतून मात्र चप्पल. अम्मी काही बोलली नाही. तुकडे केले, कुकरमध्ये टाकले आणि रात्री आम्ही सालन खाल्लं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रोग्रॅम बरोबर आणि उत्तर चूक आलं, तर आत काय घातलं ते आधी तपासायचं, ही सवय. चूक तिथेच होती. व्हिडिओतलं 'बीफ' म्हणजे खास मांसासाठी वाढवलेलं कोवळं जनावर, मांसात चरबीच्या रेषा. आपल्याकडे बडं म्हणजे म्हैस किंवा रेडा, तेही बहुतेक वेळा वय झालेलं. मांस गडद, चरबी कमी. जनावराचं वय वाढतं तसे स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे घट्ट होत जातात. मांस आतून साठ-पासष्ट अंशांवर गेलं की आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं. कोलॅजन मात्र सत्तरच्या पुढेच नीट विरघळू लागतं, आणि त्याला तास-दोन तास लागतात. एअर फ्रायर म्हणजे वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, म्हणजे गरम कोरडा वारा. कोलॅजन विरघळायच्या आत मांस वाळून जातं. नाव एक घेतलं, वस्तू दुसरी होती.

चौथ्या प्रयत्नात जमलं, ते सांगतो. आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लिंबू, मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये. कच्च्या पपईचा मोह झाला तर किलोला एक चमचा, तीन-चार तास, त्याहून जास्त नाही. पपई आत शिरत नाही. बाहेरचा थर लगदा होतो आणि आतला जिथल्या तिथे राहतो. मग मांस छोट्या डब्यात ठेवायचं, अर्धी वाटी पाणी, भरपूर कांदा, वर फॉइल घट्ट दाबून. (फॉइल सैल ठेवलंत तर पंखा ते कॉइलकडे ओढतो. हे मी अनुभवाने सांगतोय.) १६० अंशांवर दोन ते अडीच तास. बहुतेक मशीनचा टायमर तासाभराचा असतो, तो पुन्हा लावावा लागतो. काटा टोचल्यावर आरपार गेला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आत नव्वदच्या आसपास. मग फॉइल काढून २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, रंगापुरती. वीस मिनिटं झाकून ठेवा आणि रेषांना आडवे काप करा. रेषांच्या दिशेने कापलंत तर सगळी मेहनत वाया. डब्यात उरलेला रस टाकू नका, पाव त्यासाठीच आणायचा.

खरं तर मी हे मशीन रोस्टसाठी घेतलंच नव्हतं. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अम्मी बडं शिजवते तेव्हा खिडक्या लावून घेतो, हाडं दोन पिशव्यांत बांधून रात्री टाकायला नेतो. कुणीतरी म्हणालं, एअर फ्रायरमध्ये वास येत नाही. येतो. पंखा गरम हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळे पातेल्यापेक्षा लवकर लिफ्टपर्यंत जातो.

आणि आम्ही लपवत काय होतो? १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्याबंदी आली, २०१५ मध्ये दुरुस्ती लागू होऊन बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कारण आपल्या घरात काय खावं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे. हे मला माहीत होतं, तरी खिडकी लावत होतो. भीती उगाच नाही, हेही खरं. रस्त्यावर गाडी अडवणारे कायद्याचं पुस्तक घेऊन येत नाहीत. कुणी आपल्या घराची खिडकी लावत असेल तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला जास्त बोचते. ऑफिसात मी डब्याला वर्षानुवर्षं "मटण आहे" म्हणत आलो. तुमच्यातलेही अनेकजण म्हणत असतील. एकदा शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने घास मागितला. तो मटण खातो, बडं खात नाही. "तिखट आहे फार," असं काहीतरी बोलून मी डबा बंद केला. माझं ताट माझ्या मर्जीचं, असं म्हणायचं आणि त्याच्या ताटात त्याला न सांगता काही वाढायचं, हे जमत नाही. त्या दिवशी थोडक्यात वाचलो. माझ्या खोट्याने त्याची निवड त्याच्याकडून काढून घेतली असती, आणि ते कळल्यावर त्याने मला जे म्हटलं असतं ते बरोबरच असतं.

म्हणून वरच्या कृतीत कुठेही 'मटण' लिहिलेलं नाही. म्हशीच्या गोश्ताचा रोस्ट मराठीत शोधला तर हाती फारसं लागत नाही, आणि आपल्या आयांना तर हे सगळं पाठ आहे. त्यांच्याकडून लिहून घ्या, किती शिट्ट्या आणि कोणता भाग, सगळं. मुलग्यांनो, नुसतं लिहू नका, करूनही बघा.

गेल्या सोमवारी उरलेले काप डब्यात नेले. त्याच सहकाऱ्याने वाकून विचारलं, "काय आणलंस?" म्हटलं, "म्हशीचं आहे. रोस्ट." तो क्षणभर थांबला. "मग मी नको," म्हणाला आणि त्याच्या डब्यातली मेथी माझ्याकडे सरकवली. जेवण होत आलं तेव्हा म्हणाला, "आमच्या एअर फ्रायरमध्ये चिकनसुद्धा कोरडं होतं रे. ते फॉइलचं काय म्हणालास?"