देवगिरीचे यादव आणि सीमाभागाचा न्याय

देवगिरीचे यादव मराठे की कानडी, हा वाद महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अधूनमधून पेट घेत असतो. एके काळी तो विद्यापीठांतील पंडितांपुरता होता. आता स्वेच्छेने व विनावेतन ज्ञानकोशाच्या नोंदी लिहिणाऱ्या हौशी संपादकांनी तो हाती घेतला आहे. एकाने ‘मराठा राजकुल’ असे लिहावे, दुसऱ्याने ते खोडून ‘कन्नड राजकुल’ असे करावे, आणि दोघांनीही आपल्या बाजूस ताम्रपटांचे दाखले जोडावेत, असा हा उद्योग चालतो. विनामोबदला इतके वाचन करणाऱ्या तरुणांविषयी कौतुकच वाटावे. परंतु हा वाद ग्रंथालयात थांबत नाही. बेळगावच्या सीमाप्रश्नावरील सभांतही यादवांची साक्ष काढली जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रकरणाकडे लक्ष देणे अगत्याचे झाले आहे.

अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, हा या वादाच्या ऐन मध्यभागी येतो. प्रवरेकाठी नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या अखेरीस रामचंद्र यादवाचा राजा म्हणून गौरवाने उल्लेख आहे. यादव मराठी होते असे म्हणणाऱ्यांचा हा पहिला पुरावा. याच जिल्ह्यातील संगमनेरला दुसऱ्या भिल्लमाचा शके 922 चा ताम्रपट सापडला. तो संस्कृतात आहे, आणि त्यात भिल्लमाने चालुक्य तैलपाच्या बाजूने मुंजाशी युद्ध केल्याचा अभिमान आहे. चालुक्यांचे हे मांडलिकत्व कानडी पक्षाच्या उपयोगी पडते. त्या घराण्यातील धाडियप्प, वद्दिग, राजुगी अशी नावे आणि राण्यांची ‘अव्वा’ने संपणारी नावेही तो पक्ष पुढे मांडतो. यादवांचे सुमारे पाचशे कोरीव लेख मिळाले आहेत. त्यांत कानडी लेखांची संख्या सर्वांत मोठी आहे. महाराष्ट्रातील लेखांत मात्र मराठीचा वापर वाढत जातो.

दोन्ही बाजूंना भारदस्त पंडित लाभले. चिं. वि. वैद्य यांना यादव अस्सल मराठा क्षत्रिय वाटले. धारवाडहून श्रीनिवास रित्ती यांचा ‘द सेउणाज’ हा ग्रंथ 1973 साली निघाला, तेव्हा दुसऱ्या पक्षाचे बळ वाढले. मौज अशी की, स्वतः यादवांना या दोन्ही मतांचे सोयरसुतक नव्हते. ते आपणास ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हेमाद्रीने रचलेली त्यांची वंशावळ थेट यदुकुलाला जाऊन भिडते. दक्षिणेतील होयसळही हीच पदवी मिरवीत आणि आपणास याच यदूचे वंशज म्हणवीत. असे हे एका कुळाचे म्हणवणारे दोन राजे, पाचवा भिल्लम आणि दुसरा बल्लाळ, 1190 च्या सुमारास गदगजवळच्या सोरटूर येथे एकमेकांच्या रक्तासाठी उभे ठाकले. भांडण भाषेचे नव्हते, कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबातील मुलुखाचे होते.

भाषेचा नकाशा राजांच्या वंशावळीहून फार निराळा निघतो. मराठीचे आद्य लेख म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांतील एक श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे, म्हणजे कर्नाटकाच्या पोटात. उलट पंढरपुरास होयसळ सोमेश्वराचा 1237 चा लेख आहे, आणि मराठी संतांनी तर विठ्ठलालाच ‘कानडा’ म्हटले. नगर शहराला वळसा घालून जाणारी सीना दक्षिण सोलापुरात भीमेला मिळते. त्या संगमावरील गावाचे नाव हत्तरसंग कुडल. ‘कूडल’ म्हणजे कानडीत संगम. या कानडी नावाच्या गावी शके 940 चा शिलालेख आहे. त्याचा शेवट मराठीत आहे, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्देशित लेखांत त्याची गणना होते. हा लेख कोणत्या राज्याच्या बाजूने लावावयाचा? महानुभावांच्या लीळाचरित्रात ज्यांच्या आठवणी आहेत, ते चक्रधर परंपरेनुसार गुजरातेतून आलेले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ एका गुजराती पुरुषाभोवती उभा राहिला, यावर अद्याप कोणी गुजरातचा हक्क सांगितलेला नाही, हे सुदैवच म्हणावयाचे.

खुद्द नगरच्या निजामशाहीचीही हीच गत आहे. फिरिश्ता लिहितो की, शहर वसविणाऱ्या मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा विजयनगरच्या मुलुखातून धरून आणलेला ब्राह्मण. त्याच्या पूर्वजांकडे पाथरीचे कुलकर्णीपण होते म्हणून पुढे बुऱ्हाण निजामशहाने पाथरीसाठी वऱ्हाडशी लढाई मांडली. त्याच दरबाराचा आधार पुढे हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर झाला आणि शहाजीराजांचे घराणे त्याच दरबारात वाढले. हे राज्य कानडी, मराठी, मुसलमानी की हबशी, असा प्रश्न टाकणाराला उत्तर मिळण्याचा संभव नाही.

हा रोग केवळ येथील नव्हे. मध्य युरोपात ट्रान्सिल्व्हानिया नावाचा प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या त्रियानोन तहाने तो हंगेरीकडून रोमानियाकडे गेला. तेव्हापासून या भूमीत अगोदर कोण आले, यावर दोन्हीकडील इतिहासकार झुंजत आले आहेत. रोमानियन पक्ष म्हणतो की, सम्राट ट्राजनने 106 साली जिंकलेल्या डाशियातील रोमन प्रजेचे वंशज तेथे अखंड राहिले. हंगेरियन पक्ष म्हणतो की, रोमन तिसऱ्या शतकात निघून गेले आणि रोमानियनांचे पूर्वज पुष्कळ शतकांनी दक्षिणेकडून आले. सुमारे 1200 साली, म्हणजे देवगिरीला यादवांचा उत्कर्ष चालू असताना, हंगेरीच्या दरबारातील एका निनावी लेखकाने बखर लिहिली. तीत हंगेरियनांना तेथे एक व्लाख सरदार भेटल्याची कथा आहे. एक पक्ष तिला इतिहास मानतो, दुसरा तिला भाकडकथा ठरवितो. 1986 साली हंगेरीच्या विज्ञान अकादमीने ट्रान्सिल्व्हानियाचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन रोमानियाच्या बाजूने त्याचा धिक्कार करण्यात आला. त्या वेळी दोन्ही देशांतील सरकारे आपणास समाजवादी म्हणवीत होती आणि एकाच लष्करी करारात बांधलेली होती. आंतरराष्ट्रीय बंधुभावाची भाषा बोलणाऱ्या या सरकारांना हजार वर्षांपूर्वीचा एक सरदार इतका जड जावा, यावर समाजवाद्यांनी तरी विचार करावयास हवा.

त्याच प्रांतातील 1437 ची घटना मात्र दोन्ही राष्ट्राभिमान्यांना अडचणीची आहे. तेथील बिशपने नाणे हिणकस झाले म्हणून काही वर्षे धर्मकर घेतला नव्हता. मग चांगले नवे नाणे निघताच त्याने सारी थकबाकी एकदम नव्या नाण्यात मागितली. नाण्याचा कस बदलला की ऋणकोचा बोजा कसा वाढतो, हे कर्जबाजारी शेतकऱ्यास अर्थशास्त्र न शिकताही कळते. बोबाल्नाच्या डोंगरावर शेतकरी जमले, आणि ते हंगेरियन व व्लाख असे दोन्ही होते. त्यांनी केलेल्या करारात आपला उल्लेख हंगेरियनांचा व व्लाखांचा एक समुदाय असा केला. त्यांना चिरडण्यासाठी हंगेरियन सरदार, सॅक्सन नागरिक आणि सेकलर यांनी सप्टेंबर 1437 मध्ये आपसांत संघ केला. पुढच्या वर्षी आरंभी उठाव मोडला गेला. पुढे शतकानुशतके त्या प्रांताचा कारभार या तीन मानाच्या ‘राष्ट्रां’च्या नावाने चालला. त्यांत व्लाखांना स्थान नव्हते, आणि हंगेरियन कुळांनाही नव्हते. तेथील भूमीत आधी कोण आले, या वादाने या कुळांच्या ताटात काय पडले?

यादवांच्या राज्यातही हाच प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर अंशतः दगडावर कोरलेले आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके 1128 चा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ काढला आणि निकुंभ सामंत सोइदेवाने त्यास दान दिले. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. त्यात वंश, पराक्रम, विद्या यांची स्तुती. जेथे पैशाची गोष्ट येते तेथे भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. बाजारात उघडणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाकडे जाणारा कर मठाला द्यावयाचा, गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल द्यावयाचे, अशा नोंदी त्या मराठीत आहेत. कर ज्याने भरावयाचा, त्याला समजेल अशी भाषा वापरणे राज्यकर्त्यांना भाग होते. मराठी शिलालेखांत वाढली याचे श्रेय यादवांच्या मराठीपणाला देण्यापेक्षा पाटणच्या तेल्याला आणि वाण्याला देणे अधिक रास्त होईल. कृष्णेच्या दक्षिणेस हेच राजे कानडीत लेख कोरवीत, त्याचेही कारण तेथील करदात्यांत शोधले पाहिजे. नेवाशाचा पैस खांब ज्ञानेश्वरांमुळे पूज्य झाला. पण त्यावरील अक्षरेही दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचीच आहेत.

सीमाप्रश्नाचा आधार यादवांच्या जातकुळीवर ठेवणे म्हणजे उद्या उकरल्या जाणाऱ्या एखाद्या ताम्रपटाच्या हाती तो देऊन टाकणे होय. राजाच्या भाषेवरून प्रदेश ठरू लागला तर पंढरपूरही वादात येईल आणि देवगिरीही. सीमाभागातील मराठी जनतेची मागणी या पायावर कधीच उभी नव्हती. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही तिची सूत्रे आहेत, आणि आंध्र-मद्रास सीमेच्या वेळी पाटसकर यांनी खेड्याचेच एकक धरले होते. पारनेरचे सेनापती बापट 1966 साली वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी सीमाभागासाठी उपोषणास बसले, ते जिवंत माणसांच्या इच्छेसाठी. कोणाच्या वंशावळीसाठी नव्हे. त्यानंतर महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या त्याच्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले आणि महाराष्ट्राने तो नाकारला, हे सर्वश्रुत आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्यातही प्रश्न 1956 च्या राज्यपुनर्रचनेचा आहे, 1187 मध्ये देवगिरी कोणी वसविली याचा नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. दुसरा पक्ष इतिहासाचे हत्यार उपसत असता आपण ते का टाकावे? आक्षेप समजण्यासारखा आहे. खोटा दाखला दिला गेला तर तो खोडलाच पाहिजे, आणि त्यासाठी शिलालेख वाचणारे तरुण हवेतच. ज्ञानकोशाच्या नोंदीत दोन्ही बाजूंची मते नावानिशी यावीत आणि कोणते लेख कोणत्या भाषेत, कोठे, किती, हे सांगितले जावे. तेवढ्याने वाचकाचे काम भागते. एका शब्दात वंशाचा निकाल देण्याचा हट्ट मात्र दोन्हीकडच्या संपादकांनी सोडावा.

दरम्यान जे करावयाचे ते पुष्कळ आहे. राज्यघटनेतील 350 अ हे कलम 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी शाळांसाठी त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कानडी शाळांकडेही त्याच कलमाने पाहावे. तेथे कानडी शिक्षक वेळेवर नेमले जातात काय, पाठ्यपुस्तके शाळा उघडण्याच्या दिवशी पोहोचतात काय, तलाठ्याची नोटीस खातेदाराला वाचता येते काय, याची पाहणी सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी गावोगाव करावी, आणि तिचे निष्कर्ष बेळगावच्या सभेत कानडी श्रोत्यांपुढेही वाचून दाखवावेत.